किसलिंगबद्दल एक चांगली गोष्ट

आमच्या गावात कोच गेला की त्याचं मयताचं जेवण होतं. कोच जिवंत असतो, बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यात घर बघत असतो. पण विद्यापीठाने त्याला काढलं की आमच्यापुरता तो गेलेला. टॅनर स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियमबाहेर, पाण्याच्या टाकीखाली गाड्या लावून मॅचआधी रांधणारी-खाणारी आमची टोळी हे जेवण एप्रिलमध्ये घालते, स्प्रिंग गेमच्या दिवशी. त्या दिवशी फुटबॉलची, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकन फुटबॉलची, आपलीच पोरं दोन संघांत वाटून आपसात खेळतात, त्यामुळे निदान एक तरी टॅनर स्टेट जिंकते.

दुःखाच्या घरी जे डबे नेतात तेच इथेही येतात: मध लावून भाजलेलं हॅम, चीज घातलेले बटाटे, मोहरी भरलेली अंडी आणि कुणीही हात न लावणारी हिरवी जेली. मधोमध डेल्मर हचिन्सच्या भट्टीवर रात्रभर धुरात शिजलेलं ब्रिस्केट, म्हणजे बैलाच्या छातीचं मांस, असतं. कोचचा फोटो खुर्चीत ठेवतात. मग ज्याने हा कोच आला तेव्हा "हाच आपला माणूस" असं म्हटलेलं असतं, त्याने उभं राहायचं आणि गेलेल्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. एकच, पण ती सगळ्यांना पटली पाहिजे. पटली तर प्रत्येकाने आपलं ताट वर धरायचं. एक जरी ताट खाली राहिलं, तर बोलणाऱ्याने टोळीतलं आपलं काम पुढच्या कोचची कारकीर्द संपेपर्यंत दुसऱ्याला द्यायचं.

नियम कठोर आहे आणि त्याचा त्रास सगळ्यांनाच होतो. हार्लन स्ट्राउडने एकदा भलत्याच कोचची भलामण केली होती. त्याच्याकडून बर्फाच्या पेट्या काढून घेतल्या, आणि पुढची तीन वर्षं आम्ही कोमट बिअर प्यालो. उलट व्हर्नेल गेदर निसटला. त्याच्या कोचने सहा वर्षांत काहीही जिंकलं नव्हतं. व्हर्नेल उभा राहिला आणि म्हणाला, "याच्या काळात पूर्वेकडच्या स्टँडमधले संडास दुरुस्त झाले." सगळी ताटं वर गेली.

या वर्षी पाळी डेल्मरची होती.

डेल्मर रेल्वेत वेल्डर होता. गॅसची जुनी टाकी उभी कापून ही भट्टी त्याने स्वतः बनवलेली, आणि वीसेक वर्षं तिचा चिमटा दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेला नव्हता. निवृत्त झाल्यावर, बायको मुलीकडे टेक्ससला जाऊन राहिल्यावर, त्याचा आठवडा शनिवारच्या मॅचभोवतीच फिरायचा. गुरुवारी लाकूड फोडायचं, शुक्रवारी मांसाला मीठमिरी लावायची आणि रात्री भट्टीजवळ खुर्ची टाकून बसायचं. पुढचा कोच चार-पाच वर्षं टिकला असता. डेल्मर चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, आणि गणित त्यालाही येत होतं.

कोच ब्रॅड किसलिंग पहिल्याच वसंतात पार्किंगमध्ये हात मिळवत फिरला होता. आमच्या भट्टीपाशी थांबला, धूर हुंगला आणि म्हणाला, "ओक आहे ना? हिकरी असतं तर डोळ्यांना झोंबलं असतं." डेल्मर तिथल्या तिथे विरघळला. "ज्याला लाकूड कळतं त्याला माणूस कळतो," तो म्हणाला. "हाच आपला माणूस."

किसलिंगला लाकूड कळायचं. तेवढंच कळायचं.

"चला, सुरुवात करू या," व्हर्नेल म्हणाला. तो टोळीतला सगळ्यांत थोरला. संघाची बस त्याने अर्धं आयुष्य चालवली होती, म्हणून असल्या प्रसंगी अध्यक्ष तोच. "आधी आठवणी. मग डेल्मर. हार्लन, तुला आज मत नाही. चिमटा गेला तर तुझ्याकडे जायचाय."

"मला मत नको, काका," हार्लन म्हणाला. "मी आपला तयारीत आलोय."

तो खरंच तयारीत आला होता. त्याच्या गाडीमागे गॅसची नवीकोरी शेगडी उभी होती, चकचकीत, चार बटणांची. आतलं तापमान फोनवर दिसायचं. बाजूला बाटलीतल्या सॉसचं एक अख्खं खोकं होतं. डेल्मरने तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही.

"हे काय आणलंस?" गेलीन स्ट्राउडने विचारलं. गेलीन ही हार्लनच्या थोरल्या भावाची विधवा. तिने शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि आजवर एकाही कोचची भलामण केली नव्हती.

"कोंबडीची तंगडी, वहिनी. पंचवीस मिनिटांत तयार. रात्रभर जागायला नको."

"कोंबडीला जागावं लागत नसेल," गेलीन म्हणाली. "खाणाऱ्याला लागेल."

आठवणी सुरू झाल्या. खुर्चीतल्या फोटोत किसलिंग फावडं घेऊन हसत होता, म्हणून पहिला विषय फावड्याचाच निघाला. त्याचं घोषवाक्य होतं, "खोदत राहा." प्रत्येक खेळाडूला एकेक फावडं दिलं होतं. मैदानाच्या कडेलाही एक मोठं सोनेरी फावडं असायचं आणि चांगलं खेळणारा ते डोक्यावर नाचवायचा.

"पहिल्या वर्षी एकाने ते नाचवताना आपल्याच चेंडू फेकणाऱ्याला, क्वार्टरबॅकला, मारलं," व्हर्नेल म्हणाला.

"त्या वर्षी त्याला लागलेला तेवढाच अचूक फटका," गेलीन म्हणाली.

मग भिंतीची गोष्ट निघाली. किसलिंगने आल्या आल्या जाहीर केलं होतं की दर विजयाला एक वीट, आणि त्या विटांची भिंत संघाच्या इमारतीच्या दारात उभी राहील. चार वर्षांनी ती भिंत गुडघ्यापर्यंतही आली नव्हती. विद्यार्थी तिच्यावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधायचे.

"सोयीची उंची आहे पण," हार्लन म्हणाला.

मग ते छोटं कॉलेज. त्यांना आपण पैसे देऊन बोलावलं होतं. मोठ्या विद्यापीठाने चेक द्यायचा, छोट्याने यायचं, मार खायचा, चेक घेऊन परत जायचं, अशी पद्धत. त्या पोरांना पद्धत माहीत नसावी. आपल्याला बदडून काढलं आणि चेकही घेऊन गेली.

"आणि जाताना त्यांच्या बँडने आपलंच गाणं वाजवलं," व्हर्नेल म्हणाला. "आपल्यापेक्षा बरं."

एकेक मॅच निघत गेली. दुसरं वर्ष झालं, तिसऱ्या वर्षाचा ऑक्टोबर झाला आणि व्हर्नेल म्हणाला, "मग थँक्सगिव्हिंगला पाऊस होता." मधला एक शनिवार त्याने गाळला. तो शनिवार आमच्याकडे गाळायचाच असतो.

"पुरे," गेलीन म्हणाली. "डेल्मर, ऊठ. तुझ्या माणसाने काय चांगलं केलं ते सांग आणि मोकळा हो."

डेल्मर उठला. धुतलेला शर्ट घालून आला होता. चिमटा हातात होता, तो त्याने आधी खाली ठेवला आणि मग परत उचलला.

"पोरं पास झाली," तो म्हणाला. "किसलिंगच्या काळात पोरांचे मार्क वाढले. पेपरात आलं होतं."

"वाढणारच. चेंडू हातात टिकत नव्हता, पुस्तक तरी टिकलं." गेलीनचं ताट मांडीवरच राहिलं. तिचं पाहून आणखी तीन-चार राहिली.

"एकच गोष्ट सांगायची असते," हार्लन म्हणाला. "संपलं मग."

"तुला मत नाही आणि तोंडही नाही," व्हर्नेल म्हणाला. "पटेपर्यंत सांगू शकतो. ब्रिस्केट कापेपर्यंत मुदत. चल रे डेल्मर, पुढे."

"तो आजारी लोकांना भेटायला जायचा. हार्लन, तुझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा आला होता की नाही? सांग ना."

हार्लनला खोटं बोलता येईना. "आला होता. पलंगाशी उभा राहिला, माझ्या पोटावरचे टाके बघितले आणि म्हणाला, 'खोदत राहा.'"

हसण्याचा जोर इतका होता की शेजारच्या तंबूतले लोक वळून पाहू लागले. डेल्मरही हसला, पण लवकर थांबला.

"आपला पंटर, लाथेने चेंडू लांब उडवणारा," तो म्हणाला. "ऑस्ट्रेलियाचा पोरगा. तो मोठ्या लीगमध्ये गेला. किसलिंगनेच घडवला त्याला."

"सरावाने घडला!" गेलीन जागेवरून पुढे सरकली. "अरे, चेंडू आपल्याकडे. हातभर जायचं राहिलंय. आणि हा बाबा काय करतो? पंटरला बोलावतो, चेंडूला लाथ घालतो आणि समोरच्यांना देऊन टाकतो. दर शनिवारी! त्या पोराला इतका सराव दुसरीकडे कुठे मिळाला असता? डेल्मर, ही स्तुती नाही. हा पुरावा आहे."

"तू नुसती नाहीच म्हणायला बसलीयस, गेलीन."

"मी चार वर्षं थंडीत बसले. आता उन्हात बसलेय."

डेल्मर भट्टीकडे गेला. झाकण उचलून मांसात बोट रुतवून पाहिलं. तयार होतं. तरी त्याने झाकण परत ठेवलं, आणि मुदत थोडी लांबवतोय हे सगळ्यांना दिसलं. व्हर्नेलने दुसरीकडे पाहिलं. हार्लनने शेगडीचं एक बटण फिरवून बघितलं. टिक-टिक आवाज आला आणि निळी ज्योत पेटली.

तो आवाज ऐकून डेल्मर वळला. "बॅरो टेक," तो म्हणाला.

व्हर्नेलने घाईने शेजारच्या तंबूकडे पाहिलं.

"ते नाही," व्हर्नेल हळूच म्हणाला. "ते नाव इथे काढायचं नाही असं ठरलंय आपलं."

"कुणी ठरवलं? ठराव झालेला मला तरी आठवत नाही. आपण नुसते गप्प बसलो." डेल्मर भट्टीला टेकला. "शेवटचा डाव. एका गुणाने आपण पुढे. त्यांनी चेंडू फेकला, तो मातीत पडला, घड्याळात शून्य. अकरा वर्षांनी बॅरो टेकला हरवलं. आणि मग काय केलं आपण?"

हार्लनने शेगडीचं बटण बंद केलं.

"मैदानात घुसलो. सगळं गाव घुसलं. गोलपोस्टवर मी चढलो होतो, सत्तरी उलटलेला माणूस. व्हर्नेल खालून ओढत होता. हार्लनच्या गाडीत करवत होती. का होती ते मी आजवर विचारलेलं नाही."

"झाडं छाटायला," हार्लन म्हणाला.

"उत्तरेकडचा पोस्ट पाडला, तुकडे केले. आणि भोंग्यावर रेफरी सांगतोय की घड्याळात दोन सेकंद शिल्लक होते, खेळ संपलेला नाही. प्रेक्षक आत आले म्हणून आपल्याला पंधरा यार्डांचा दंड. चेंडू तेवढा पुढे सरकला आणि त्यांचा किकर टप्प्यात आला. त्याने लाथेने मारला, दुसऱ्या पोस्टमधून गेला, हरलो."

"पाडायचाच होता तर दक्षिणेकडचा पाडायला हवा होता," व्हर्नेल म्हणाला. त्याला राहवलं नाही. "ते तिकडेच मारणार होते. पोस्टच नसता तर मारला कुठे असता?"

"पोरांनी मॅच जिंकली होती," डेल्मर म्हणाला. "हरवली आपण. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आणि त्या संध्याकाळी पत्रकारांनी किसलिंगला सरळ विचारलं, लोकांमुळे हरलात का? मी ट्रकमध्ये बसून रेडिओ ऐकत होतो, मांडीवर पोस्टचा तुकडा. तो म्हणाला, 'नाही. आमच्या लोकांना थांबवायला मी हात वर करायला हवा होता. नाही केला. चूक माझी.' पुढे विद्यापीठाने त्याला काढलं ते काय म्हणून? मोक्याच्या वेळी ताबा ठेवता येत नाही म्हणून. हीच मॅच काढली त्यांनी. तेव्हाही तो आपलं नाव घेऊ शकला असता, पण घेतलं नाही." तो सरळ उभा राहिला. "किसलिंगने आपल्यावर ढकललं नाही. ही माझी गोष्ट. याच्यापुढे माझ्याकडे काही नाही."

व्हर्नेलचं ताट अर्धवट वर गेलं आणि थांबलं. बाकीचे गेलीनकडे पाहत होते. ती आपल्या ताटाकडे पाहत होती.

"एक बोलू?" हार्लन म्हणाला. "मला मत नाही, मान्य. पण मग तो खरंच बोलला ना? हात वर करायला हवा होता. कुठल्याही कोचने केला असता. रेफरीकडे बघायचं, गर्दी दिसली की थांबवायचं, हे त्याचं कामच. आपली चूक आपली म्हटली, यात मोठेपणा कसला? मी रोज बायकोला म्हणतो."

"मुद्दा आहे," कुणीतरी मागून म्हणालं.

"मुद्दा आहेच," व्हर्नेलने नाइलाजाने कबूल केलं. त्याचं ताट खाली आलं.

डेल्मरने मान हलवली. त्याने चिमटा पुसला, आधी एक पातं, मग दुसरं, आणि हार्लनच्या दिशेने दोन पावलं टाकली.

"थांब," गेलीन म्हणाली.

"राहू दे, गेलीन. नियम आहे."

"थांब म्हटलं ना! बस खाली." तिचा आवाज वर्गातला होता. डेल्मर बसला. ती मात्र उठली, आणि उठताना नवीन बसवलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. "आपल्यातलं कठड्यावरून पहिलं कोण गेलं त्या दिवशी?"

"तू," व्हर्नेल म्हणाला. "आम्ही सगळे बघत राहिलो. डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केलेली बाई कठडा ओलांडून गेली."

"आपल्यातली नाही. अख्ख्या स्टेडियममधली पहिली मी. माझ्यापुढे कुणी नव्हतं. समोर फक्त किसलिंग." तिने स्टेडियमकडे बोट केलं. "तो रेफरीकडे बघत होता, आणि आपल्या बाजूला त्याने हात केला होता. असा." तिने उजवा हात वर केला, तळवा उघडा, बोटं ताठ. "वर. चांगला डोक्याच्या वर."

"म्हणजे हात केला होता?" हार्लनने विचारलं.

"केला होता."

"मग तू थांबली का नाहीस, वहिनी?"

"मला वाटलं टाळी मागतोय."

मग व्हर्नेलच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

"तू टाळी दिलीस?"

"जोरात दिली. पळता पळता. वर 'शाबास, कोच!' असंही म्हणाले. त्याचा हात खाली गेला. तो परत वर करेपर्यंत मागून तुम्ही सगळे आलात."

व्हर्नेलला बर्फाच्या पेटीवर बसावं लागलं. त्याचे खांदे हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. हार्लन तोंडावर हात धरून शेगडीकडे वळला. डेल्मर तेवढा हसत नव्हता. तो गेलीनकडे टक लावून बघत होता.

"आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"कुणाला सांगणार? पत्रकारांसमोर तो म्हणाला, मी हात केला नाही. मला ओळखत होता, डेल्मर. माझ्या तोंडाकडे बघितलं होतं त्याने. दुसऱ्या आठवड्यात किराणाच्या दुकानात समोर आला, म्हणाला, 'गुडघा कसा आहे, मिस गेलीन?' बस, एवढंच. माझ्यासाठी खोटं बोललेल्या माणसाला मी खोटं पाडायचं?" तिने चष्मा काढून पुसला. "कोच म्हणून तो भिकार होता. फावडं, भिंत, ते पंट, यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण हार्लन म्हणतो तसं ते नव्हतं. चूक त्याची नव्हती, आणि त्याने ती घेतली."

"म्हणजे खोटं बोलला," हार्लन अजूनही चिकटून होता. "खोटं बोलणं ही चांगली गोष्ट धरायची का, काका?"

व्हर्नेलने डोळे पुसले. "मी बारा कोच बसमधून नेले-आणले. प्रत्येक जण माझ्यादेखत खोटं बोललाय. पोरांशी, त्यांच्या आयांशी, आपल्याशी. आपल्या बाजूने खोटं बोललेला हा पहिला." आणि त्याने ताट वर धरलं.

मागची ताटं वर गेली. एक, मग दोन, मग सगळी. शेजारच्या तंबूतला एक अनोळखी गृहस्थ केव्हापासून कान देऊन उभा होता, त्यानेही आपली कागदी बशी वर केली, आणि त्याला कुणी हाकललं नाही. तोही त्या दिवशी मैदानात उतरला असणार.

एकच ताट खाली होतं. गेलीन उभीच होती, ताट खुर्चीवर होतं. तिने वाकून ते उचललं, सावकाश, गुडघा सांभाळत. खुर्चीतल्या फोटोकडे एकदा नापसंतीने पाहिलं. मग ताट वर धरलं, चांगलं डोक्याच्या वर.

डेल्मर हलला नाही. चिमटा हातात धरून तो नुसता बघत राहिला.

"बघतोस काय?" गेलीन म्हणाली. "वर धरलंय ना? आता वाढ की. हात भरून आला माझा."